मऊ मातीच्या शिल्पावरून सिलिकॉनचा साचा: नऊ दिवसांचा हिशेब

ऑइल क्लेमध्ये, म्हणजे तेलात मळलेल्या न वाळणाऱ्या मातीत, केलेला २५ सेंटिमीटर उंचीचा अर्धपुतळा, त्यावर सिलिकॉनचा साचा, साच्याला प्लास्टरचं कवच आणि शेवटी प्लास्टरच्या दोन प्रती, एवढ्याला नऊ दिवस लागले. हात प्रत्यक्ष चालले ते पंधरा-सोळा तास. उरलेला सगळा वेळ थांबण्यात गेला, आणि या कामातल्या बऱ्याचशा चुका थांबायच्या वेळी न थांबल्यामुळे होतात.

मऊ मातीवरून साचा घेताना एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते: मूळ शिल्प बहुतेक वाचत नाही. साचा उघडताना कान मुडपतो, नाक साच्यातच अडकतं. लाकडाच्या किंवा दगडाच्या वस्तूवरून साचा बिघडला तर दुसरा घेता येतो, इथे संधी एकच. म्हणून सिलिकॉनचा पहिला थेंब पडण्याआधीची तयारीच सगळ्यात जास्त वेळ खाते.

पद्धत निवडताना तीन पर्याय समोर होते. पहिला, प्लास्टरचा तुकड्यांचा साचा. तो स्वस्त आणि टिकाऊ, पण प्लास्टर वाकत नाही. आत वळलेली प्रत्येक जागा, म्हणजे अंडरकट, स्वतंत्र तुकड्यात घ्यावी लागते. चेहरा, कान आणि मोकळे केस असलेल्या पुतळ्याला असे दहा-बारा तुकडे सहज होतात. दुसरा, लेटेक्स. तेही स्वस्त, पण दहा-बारा हात द्यायचे, प्रत्येक हात वाळेपर्यंत काही तास थांबायचं, आणि वाळताना ते आकसतं. तिसरा, सिलिकॉन. सगळ्यात महाग, पण बोटाचा ठसासुद्धा जसाच्या तसा उचलतं आणि अंडरकटमधून वाकून बाहेर येतं. भांडी भरभरून सिलिकॉन ओतण्याऐवजी पातळ थर देऊन बाहेरून प्लास्टरचा आधार द्यायचा ठरवलं. त्यानं सिलिकॉनचा खर्च निम्म्याहून कमी होतो.

पहिला दिवस: चाचणी आणि मोजमाप

सिलिकॉन दोन जातींचं मिळतं, टिन-क्युअर आणि प्लॅटिनम-क्युअर; नावं ते घट्ट करणाऱ्या उत्प्रेरकावरून. प्लॅटिनमवालं जवळजवळ आकसत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं, पण फार नाजूक स्वभावाचं. गंधक लागलं की ते बसतच नाही, म्हणजे घट्ट होत नाही, आणि बऱ्याच ऑइल क्लेमध्ये गंधक असतं. नैसर्गिक रबराच्या हातमोज्यांचा स्पर्शही त्याला चालत नाही, म्हणून हातमोजे नायट्राइलचेच घ्यावेत. टिनवालं या बाबतीत सोशिक. त्याचा दोष असा की ते बसताना अल्कोहोल बाहेर पडतं, त्यामुळे साचा किंचित आकसतो आणि काही वर्षांनी कडक, ठिसूळ होतो.

मातीच्या पाकिटावर गंधकाबद्दल एक अक्षर नव्हतं. तेव्हा त्याच मातीच्या दोन चपट्या वड्या करून एकीवर एक सिलिकॉन, दुसरीवर दुसरं लावून चोवीस तास ठेवलं. ही चाचणी टाळून थेट पुतळ्याला हात घालणं म्हणजे जुगार. मातीवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रे मारून गंधक रोखता येतं असं सांगतात आणि कधी कधी ते जमतंही. पण स्प्रे कुठे सुटला हे कळतं ते साचा उघडल्यावर, म्हणून त्या भरवशावर राहिलो नाही.

त्याच दिवशी सिलिकॉन किती लागेल तेही काढलं. पुतळ्याला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल हलक्या हातानं लपेटायची, जास्तीची कापायची, काढून सपाट करायची आणि चौकटीच्या कागदावर ठेवून क्षेत्रफळ मोजायचं. ते १,४०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरलं. जाडी ८ मिलिमीटर धरली तर १,१२० घनसेंटिमीटर. सिलिकॉनची घनता साधारण १.१, म्हणजे सव्वा किलो. खोल जागा भरायला, साचा कवचात धरून ठेवणाऱ्या खुंट्यांना आणि भांड्याला चिकटून वाया जाणारं धरून दीड किलो आणलं. फॉइलनं मातीवर वळ उठतात, म्हणून हे मोजमाप शेवटचा हात फिरवण्याआधी करावं. हा क्रम चुकला होता, त्यामुळे एका गालावर पुन्हा काम करावं लागलं.

दुसरा दिवस: पृष्ठभाग आणि पाट

प्लॅटिनमवाली वडी उलटून पाहिली. वरून घट्ट रबर, मातीला लागलेल्या बाजूला मधासारखा चिकटा. टिनवाली स्वच्छ निघाली. निर्णय झाला.

आता पुतळ्यावरचे ठसे, रेघा, मातीचे कण. मऊ ब्रश मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंचित बुडवून, कागदावर टिपून मग फिरवला की ऑइल क्ले गुळगुळीत होते. ब्रश ओलागच्च असेल तर माती चिखलासारखी होऊन बारीक तपशील बुजतात. टर्पेंटाइन पूर्ण उडून जायला एक रात्र द्यावी, नाहीतर तिथलं सिलिकॉन चिकट राहतं.

पुतळा प्लास्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत पाटावर पक्का बसवला. कच्च्या लाकडात सिलिकॉन शिरून बसतं. पुतळ्याचा तळ आणि पाट यांच्यामधली फट मातीनं बुजवली, कारण फटीतून सिलिकॉन आत गेलं की साच्याची कड फाटते. भोवती ४ सेंटिमीटरची पट्टी मोकळी सोडली. थर या पट्टीवरही उतरवायचे, तीच पुढे साच्याची कॉलर. पाटाला व्हॅसलिनचा अगदी पुसट हात दिला. पुतळ्याला काहीच लावलं नाही. सिलिकॉन ऑइल क्लेला चिकटत नाही आणि व्हॅसलिन मात्र बारीक रेषांमध्ये साचून बसतं.

पाण्यात मळलेली माती, शाडू वगैरे वापरत असाल तर इथे फरक पडतो. ती कातडीइतकी घट्ट पण ओलसर हवी, वर पाण्याचा थर मुळीच नको. आणि सगळे थर एकाच दिवसात संपवावेत. रात्रभरात माती वाळून आकसली की सिलिकॉन आणि माती यांच्यात पोकळी पडते.

तिसरा दिवस: चार थर

सकाळी पुतळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला. थंड ऑइल क्ले कडक होते आणि ब्रशचे ओरखडे उठत नाहीत. बाहेर काढल्यावर वर दव जमतं, ते पंख्याखाली पूर्ण जाऊ दिलं.

पहिला थर सगळ्यात पातळ आणि सगळ्यात महत्त्वाचा, कारण प्रतीवर दिसतो तो हाच. २०० ग्रॅम सिलिकॉनला ३ टक्के म्हणजे ६ ग्रॅम हार्डनर, म्हणजे सिलिकॉन घट्ट करणारं द्रव. इथे १ ग्रॅम अचूकतेचा वजनकाटा उपयोगाचा नाही: ६ ग्रॅममध्ये १ ग्रॅमची चूक म्हणजे थेट सहावा हिस्सा. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. हार्डनर थेंबांनी मोजू नये. लवकर बसावं म्हणून जास्त घातला तर साचा कमी टिकतो.

ढवळताना भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून आत घ्यायचा, मग सगळं मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा ढवळायचं. पहिल्या भांड्याच्या तळाशी न मिसळलेला भाग राहतोच राहतो, आणि तो साच्यावर गेला की तिथे कायमचा चिकट डाग. व्हॅक्युम पंप असेल तर हवा काढता येते, पण फेस मूळ आकाराच्या तीन-चार पट वर येतो, त्यामुळे भांडं मोठं लागतं. पंप नसल्यास मिश्रण उंचावरून दोऱ्यासारख्या बारीक धारेत ओतायचं. धारेत ताणले जाऊन बरेच बुडबुडे फुटतात.

धार डोक्यावर सोडली आणि सिलिकॉन आपल्या वजनानं खाली उतरू दिलं. ब्रशचं काम फक्त त्याला दिशा दाखवायचं, मातीवर घासायचं नाही. नाकपुड्यांखाली, हनुवटीखाली, कानाच्या पाळीमागे सिलिकॉन आपणहून जात नाही. तिथे ब्रशच्या टोकानं टेकवत टेकवत लावलं आणि प्लास्टिकच्या नळीनं हलकी फुंकर घालून आत ढकललं. या जागा कागदावर लिहून ठेवाव्यात. प्रत ओतताना साचा उलटा असतो, आज ज्या जागा खाली तोंड करून आहेत त्या तेव्हा छत होतात आणि हवा नेमकी तिथेच अडकते. म्हणजे आज त्रास देणारी जागा पुढच्या आठवड्यातही त्रास देणार.

मिश्रण हाताळायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. उन्हाळ्यात ही मुदत पटकन घसरते, तापमान दहा अंशांनी चढलं की जवळपास निम्मी. दीड तासानं थर बोटाला चिकटत होता, पण बोटावर येत नव्हता. दुसऱ्या थराची वेळ हीच. पूर्ण सुकू दिलं आणि वर धूळ-तेल बसलं तर थर एकमेकांपासून सुटतात.

दुसरा थर २५० ग्रॅमचा. त्यात सिलिकॉनचा रंग चिमूटभर घातला. पांढऱ्यावर निळा थर दिला की कुठे पातळ राहिलं ते लगेच दिसतं. तिसरा आणि चौथा प्रत्येकी ४५० ग्रॅमचा, त्यात घट्ट करणारं द्रव्य मिसळून श्रीखंडाइतका दाट केला, म्हणजे तो उभ्या भागावरून ओघळत नाही. नाकाचा शेंडा, भुवया, कानाची कड या उंचवट्यांवरून सिलिकॉन घसरतं आणि खड्ड्यांत साचतं, तेव्हा जाडी उंचवट्यांवर तपासायची. कमीत कमी ६ मिलिमीटर हवी.

चौथ्या थरात दोन कामं उरकायची. हनुवटीखालची, कानामागची खोल जागा दाट सिलिकॉननं भरून बाहेरचा आकार सरळसोट करायचा. आतून सिलिकॉन वाकेल, पण बाहेरचं प्लास्टरचं कवच वाकणार नाही, ते सरळ ओढूनच निघालं पाहिजे. दुसरं काम खुंट्यांचं. बर्फाच्या ट्रेमध्ये आधीच ओतून ठेवलेल्या सिलिकॉनच्या वड्या, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या, ठिकठिकाणी चिकटवल्या. या नसतील तर साचा कवचात फिरतो आणि प्रतीचा चेहरा वाकडा येतो. कापसाची जाळी थरांमध्ये घालावी का, यावर दोन मतं आहेत. माझ्या मते फक्त कॉलरला घालावी. चेहऱ्यावर घातली तर साचा ताठर होतो आणि ज्यासाठी महागडं सिलिकॉन घेतलं तो लवचीकपणाच जातो.

रात्रभर हात लावला नाही.

चौथा दिवस: प्लास्टरचं कवच

कवच दोन भागांचं, पुढचा आणि मागचा. जोडरेषा खांद्यांवरून, कानांच्या किंचित मागून, डोक्याच्या माथ्यावरून नेली. रेषा ठरवायची सोपी रीत अशी: एक डोळा मिटून पुतळ्याकडे अगदी समोरून पाहायचं. जिथपर्यंत सिलिकॉन दिसतं तो पुढचा भाग, जिथे नजरेआड होतं तिथे रेषा. त्या रेषेवर अडीच सेंटिमीटर रुंदीची मातीची भिंत उभी केली, भिंतीत चमच्याच्या पाठीनं चार गोल खळगे पाडले.

प्लास्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. वजनानं १०० भाग प्लास्टरला ७० भाग पाणी. एका भागाला दीड किलो प्लास्टर आणि १,०५० मिलिलिटर पाणी लागलं, तेही दोन वेळा अर्धं अर्धं कालवून, कारण एकदम कालवलेलं भांड्यातच बसतं. प्लास्टर चाळल्यासारखं भुरभुरत पाण्यात सोडायचं, दोन मिनिटं भिजू द्यायचं, मग हात तळाशी ठेवून सावकाश ढवळायचं. जोरात ढवळलं की हवा शिरते आणि ते लवकर बसतंही. पहिला हात पातळ, ब्रशनं, खुंट्यांच्या भोवती नीट. नंतर दह्याइतकं घट्ट होऊ लागल्यावर काथ्याचे पुंजके प्लास्टरमध्ये बुडवून थापले. एकूण जाडी २ सेंटिमीटर, कडांना थोडी जास्त. प्लास्टरची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा, आणि उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नये, नळ कायमचा तुंबतो.

बसताना प्लास्टर चांगलं गरम होतं. गार होईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, थांबलो. मग मातीची भिंत काढली, प्लास्टरच्या कडेला व्हॅसलिनचा भरपूर हात दिला. इथे कंजुषी केली तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि छिन्नी घ्यावी लागते. कडेवर दोन जागी मातीच्या छोट्या पाचरी ठेवल्या. नंतर त्या उकरल्या की स्क्रू-ड्रायव्हर घालायला फट मिळते. मागचा भागही तसाच केला.

पाचवा दिवस: उघडणं

मनाची खरी परीक्षा इथे. पाचरींच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर घालून हलकेच पिळला. मागचा भाग सुटला. पुढचा भाग तसाच ठेवून पाठीमागे, मानेच्या तळापासून माथ्याच्या अलीकडेपर्यंत, सिलिकॉनला धारदार ब्लेडनं चीर दिली. चीर सरळ नाही, नागमोडी द्यायची. वळणांमुळे दोन्ही कडा परत आपल्याच जागी बसतात, सरळ चीर वरखाली सरकते आणि प्रतीच्या पाठीवर पायरी येते. पूर्ण माथा कापू नये, जेवढ्या चिरेतून प्रत बाहेर येईल तेवढीच पुरे.

माती निघाली ती तीन तुकड्यांत, आतला तारेचा सांगाडा वेगळा. कानांच्या खोबणीत आणि नाकपुड्यांत माती अडकली होती. ती टर्पेंटाइननं पुसायचा मोह होतो, पण अशा द्रावकांनी सिलिकॉन फुगतं. त्याच मातीचा मऊ गोळा घेऊन टिपत राहायचं, माती मातीला चिकटून निघते. शेवटी सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश.

साच्यात दोन दोष निघाले. डाव्या पाळीमागे ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा, म्हणजे प्रत्येक प्रतीवर तिथे तेवढीच गाठ येणार. अशी गाठ खरवडणं सोपं, म्हणून तो तसाच ठेवला. कॉलरवर एक जागा पातळ होती, तिथे ताजं सिलिकॉन लावलं. ताजं सिलिकॉन स्वच्छ सिलिकॉनला पक्कं चिकटतं, दुरुस्तीसाठी ते बरं. पण साच्यात पुन्हा सिलिकॉनच ओतायचं असेल तर मध्ये रिलीज, म्हणजे चिकटू न देणारा लेप, लावायलाच हवा.

सहावा आणि सातवा दिवस

साचा कवचात बसवून उघडा ठेवला. टिनवाल्या सिलिकॉनमधलं अल्कोहोल निघून जायला वेळ लागतो. प्लास्टरला त्याचं फार नाही, पण लगेच रेझिन ओतलं तर त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो. कवचही या दोन दिवसांत वाळलं.

आठवा दिवस: पहिली प्रत

चीर जुळवली, कवचाचे भाग खळग्यात बसवले आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधले. साचा उलटा करून बादलीत वाळूवर टेकवला. प्लास्टर सगळीकडे नीट पसरावं म्हणून आत साबणाच्या पातळ पाण्याचा शिडकावा केला. सिलिकॉनवर पाण्याचे मणी होतात आणि त्याखाली हवा अडकते, साबणानं प्लास्टर पसरतं. जास्तीचं पाणी मात्र निथळून टाकायचं.

पोकळ प्रत करायची होती. आधी ४०० ग्रॅम प्लास्टर आणि २८० मिलिलिटर पाणी सायीसारखं कालवलं, निम्मं आत ओतून साचा सगळीकडे फिरवला. मग ती लिहून ठेवलेली यादी: हनुवटी, नाक, पाळ्या. साचा चेहऱ्याच्या बाजूला आडवा करून या जागांवर बाहेरून थोपटलं, म्हणजे अडकलेली हवा मानेकडे निघते. आतलं परत भांड्यात ओतलं, पुन्हा भरलं, असं तीनदा. थर चकाकी सोडून मंद दिसू लागला की १ किलो प्लास्टरचं दुसरं मिश्रण आत फिरवून भिंत सेंटिमीटरभर जाड केली.

प्लास्टर गरम होऊन पुन्हा गार झालं, तेव्हा म्हणजे तासाभरानं उघडलं. गरम असतानाच ओढलं असतं तर कान तुटला असता, ताजं प्लास्टर दिसतं त्याहून फार कच्चं असतं. पहिल्या प्रतीवर मातीचा पुसट तपकिरी पट्टा आला. पहिली प्रत साचा साफ करण्यासाठीच असते असं धरून चालावं. नाकपुडीत टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं होती, हनुवटी निर्दोष.

नववा दिवस

दुसऱ्या प्रतीत नाकपुड्यांत प्लास्टर आधी बारीक ब्रशनं भरलं, मग बाकीचं ओतलं. भोकं आली नाहीत. चिरेची रेष केसासारखी उमटली, ओलसर असतानाच ब्लेडच्या पाठीनं खरवडली.

साचा धुऊन, वाळवून, आत पहिली प्रत ठेवून कवचात बंद केला. रिकामा साचा आडवातिडवा पडला तर काही महिन्यांत तोच आकार धरतो. कवचावर मार्करनं साचा घेतल्याची तारीख, हार्डनर ३ टक्के, एका प्रतीला १,४०० ग्रॅम प्लास्टर आणि ९८० मिलिलिटर पाणी, आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘डावी पाळी – गाठ खरवडणे’.